मदत हवी आहे: एक्सबॉक्सवर सारखं 'डबल नॅट' येतंय
मंडळी, फायबरवाल्यांचा डबा हॉलमध्ये आहे आणि त्याला जोडलेला आमचा स्वतःचा वायफाय राउटर आतल्या खोलीत. पोराचा एक्सबॉक्स या दुसऱ्या राउटरवर चालतो. नॅट म्हणजे राउटरने घरातली सगळी उपकरणं एकाच बाहेरच्या आयपी पत्त्यामागे ठेवणं, आणि 'डबल नॅट' म्हणजे तेच दोनदा होणं. गेम झकास डाउनलोड होतात, वेगाबद्दल तक्रार नाही. पण पार्टी चॅटमध्ये निम्म्या मित्रांचा आवाजच येत नाही.

आमच्या राउटरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १९२.१६८ ने सुरू होतो, हा तर घरातल्या नेटवर्कचा पत्ता, म्हणजे दोन्ही डबे राउटरगिरी करताहेत हे उघड आहे. आता पहिला डबा ब्रिज मोडमध्ये (राउटरगिरी बंद, नुसता सिग्नल पुढे देणं) टाकून पीपीपीओई (कंपनीच्या लाइनचं लॉगिन) आपल्या राउटरवर घ्यावं, की आपल्या राउटरलाच नुसता ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा डबा) करावं? दुसरं सोपं वाटतं, पण मग यूपीएनपी (गेमला लागणारे पोर्ट आपोआप उघडणारी सोय) त्यांच्या डब्यावर चालू करावं लागेल, आणि त्याचा पासवर्ड फक्त लाइनमनकडे!

त्यानेच लॉगिन केलं तेव्हा बाहेरचा आयपी १००.७२ असा दिसला. हे सीजीनॅटच ना, म्हणजे कंपनीनेच अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवणं? तसं असेल तर ३०७४ पोर्ट (एक्सबॉक्स वापरतो तो) राउटरवरून फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून थेट एक्सबॉक्सकडे वळवून, उपयोग शून्य. स्टॅटिक आयपीचे (स्वतःच्या कायमच्या बाहेरच्या पत्त्याचे) जादा पैसे भरण्याआधी विचारतो, नुसतं आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) चालू करून कोणाचा नॅट 'ओपन' (एक्सबॉक्सवर सगळ्यांशी नीट जोडणी होते अशी स्थिती) झालाय का? (वायफाय सोडून केबल लावा असं कृपया सांगू नका, तीही लावून पाहिली.)