मदत हवी आहे: गिअर टाकला की बोटीचं इंजिन तापतंय

बेलापूरला दिवाळे कोळीवाड्याजवळ माझी शिडाची बोट असते. आत दोन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन, थेट खाडीच्या पाण्यावर थंड होणारं. नुसतं चालू ठेवलं तर तासभर काही होत नाही. गिअर टाकून वेग वाढवला की दहा मिनिटांत गजर. एक्झॉस्टमधून पाणी येतं, पण धार पूर्वीपेक्षा बारीक आणि सोबत वाफ.

इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) नवा घातला. जुन्याची सगळी पाती शाबूत होती, म्हणजे तुकडा आत अडकलेला नाही. गाळणीतून मूठभर काळा चिखल निघाला (ओहोटीला बोट गाळात बसते), ती साफ केली. थर्मोस्टॅट (तापला की पाण्याला वाट देणारी झडप) गरम पाण्यात धरून पाहिला, उघडतो. बोटीचा तळ आणि पाण्यातला पंखा नुकताच खरवडलाय. तेल दुधाळ नाही, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं दिसत नाही.

आता संशय एक्झॉस्ट एल्बोवर (इंजिनातून आलेलं पाणी जिथे धुरात मिसळतं तो वाकडा नळ). काजळी आणि मिठाने आतून बुजला असावा. पण त्याचे बोल्ट गंजून असे बसलेत की पाना लावायचीच भीती वाटते, तुटले तर सगळंच अडेल.

एल्बोकडे जाणारा पाण्याचा पाइप सोडून धार बादलीत मोजली, तर अडथळा एल्बोत की इंजिनच्या ब्लॉकमध्ये हे नक्की कळेल का? पुढचा एक्झॉस्ट होज रबरी आहे, त्यात पाणी न जाता इंजिन किती सेकंद चालवलेलं चालेल?