कम्युनिटी कॉलेजचे पहिले आठवडे: कोणाकोणाची कशी फजिती झाली?

गवतीचहा
काल गराज आवरताना खोक्यात टीआय-८३ कॅल्क्युलेटर सापडला आणि २००९ची फॉल सेमिस्टर आठवली. एच-४वर (नवऱ्याच्या एच-१ नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर) आलेली, पुण्याची एम.कॉम., बँकेतली नोकरी सोडलेली मी. इथे कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, स्टॅटिस्टिक्स घेतलं. वेटलिस्टवर सातवी. त्या वर्षी बजेट कापलेलं, वर्ग कमी केलेले, त्यामुळे पहिल्या दिवशी भिंतीला टेकून आम्ही वीसेक जण उभे. जे आलेच नाहीत त्यांची नावं कापून सरांनी एकेकाला अ‍ॅड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायचा नंबर, दिला. रेशनच्या रांगेत रॉकेल मिळाल्याचा आनंद झाला मला!

खरी गंमत पुढे. सरांनी सिलॅबस वाटला. माझ्या डोक्यात सिलॅबस म्हणजे पोर्शन. धडे बघितले आणि घडी करून पर्समध्ये टाकला. मागच्या पानावर होमवर्कला २० टक्के आणि उशिरा दिलं तर शून्य, हे वाचलंच नाही. आपली सवय वार्षिक परीक्षेची, दिवाळीनंतर बघू वाली. तीन आठवड्यांनी ग्रेड बघितली तर डी! घरी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

तुमचंही लिहा.

दुपारची_झोप
अगं ऑफिस अवर्स!!! मला वाटायचं त्या वेळात बाई ऑफिसच्या कामात असतात, तेव्हा फिरकायचं नाही. दोन महिने बरोब्बर ती वेळ टाळून जायचे आणि दार बंद. म्हटलं किती कामचुकार बाई आहे 😂 नंतर कळलं, ती वेळ मुलांच्या शंकांसाठीच असते!

फडतूस_इंजिनियर
+१ ऑफिस अवर्स. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहितो.

माई_एडिसनच्या
मी न्यू जर्सीत. काउंटीत राहणाऱ्यांना फी कमी असते, म्हणून पत्त्याचा पुरावा मागितला. लीज ह्यांच्या नावावर, वीज ह्यांच्या नावावर, फोन ह्यांच्या नावावर. खिडकीपलीकडची मुलगी म्हणाली, मग तुमच्या नावावर काय आहे? काय सांगणार, डोंबिवलीचं गॅस कनेक्शन! दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन जॉइंट खात्यावर नाव घातलं, स्टेटमेंट यायला महिना. सेमिस्टर हुकली. पण ते नाव घातलं ते बरं झालं.

चकलीचा_तुकडा
माई 🙏 हे मनाला लागलं.
सध्या मीही एच-४वर आहे. शिकायला एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करावा लागतो का?

गवतीचहा
नाही गं, एच-४वर शिकता येतं. नोकरीला ईएडी (कामाचा परवाना) लागतं, ते २०१५पासून काही जणींनाच मिळतं. रेसिडेन्सीचं (राज्याचे रहिवासी धरतात का ते) मात्र कॉलेजात विचार, फीमध्ये मोठा फरक पडतो. आमच्या वेळी युनिटला (एका क्रेडिटला) २६ डॉलर होते, २०१२पासून ४६ आहेत.

सांडगी_मिरची
माझा अनुभव आई म्हणून. लेक बारावीनंतर डी अँझा कम्युनिटी कॉलेजला गेला. गणपतीत आरती संपली की प्रश्न सुरू, "यूसी नाही मिळालं का?" कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत मिळालं होतं हो, पैसे नव्हते. क्वार्टर सिस्टिम म्हणजे फायनल धरून सगळा खेळ बारा आठवड्यांचा. दुसऱ्या आठवड्यात फ्लू झाला आणि हा उठेपर्यंत मिडटर्म दारात. तेव्हा वर्ग ड्रॉप कर म्हणायचं की दम धर म्हणायचं, मला काही कळत नव्हतं. रसम करून दिलं, दुसरं काय येतं आपल्याला. दोन वर्षांनी टॅगने (कम्युनिटी कॉलेजातून यूसीत प्रवेशाची हमी देणारी योजना) यूसी डेव्हिसला गेला. आता तेच लोक टॅग म्हणजे काय विचारायला फोन करतात.

दुपारची_झोप
रसम? तुम्ही मराठी ना? 😜

सांडगी_मिरची
शेजारीण चेन्नईची. कढण सांगितलं असतं तर त्याने प्यायलं नसतं.

नाशिकचा_चिवडा
कम्युनिटी कॉलेज म्हणजे आमच्या मुक्त विद्यापीठासारखं का? माझ्या मावशीने पन्नाशीत तिथून बी.ए. केलं. पुस्तकं देव्हाऱ्याखाली ठेवायची.

गवतीचहा
थोडंसं तसंच. दार सगळ्यांना उघडं, पण वर्गात जाऊन बसायचं. माझ्या शेजारी सत्तरीचे आजोबा होते, नातवाला गणित शिकवायचं म्हणून आलेले. त्यांनीच मला ओढत ऑफिस अवर्सला नेलं.

फडतूस_इंजिनियर
आलो. माझं एवढंच: पहिले दोन आठवडे पार्किंगला चाळीस मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात निम्मी पोरं गायब, जागाच जागा. तेव्हा कळलं ड्रॉप डेडलाइन, म्हणजे वर्ग सोडायची शेवटची तारीख, काय असते.
बाकी गचहा, तो टीआय विकायचा आहे का? मुलीला हवाय.

चकलीचा_तुकडा
गचहा, मग त्या डीचं काय झालं??

गवतीचहा
बी झाली. आजोबांना ए.
@फडतूस, आत्ता चार बारीक सेल घालून बघितले, चालू झाला! सेकंडहँड घेतलेला, आधीच्या पोराने आत सापाचा गेम टाकून ठेवलाय. पंधरा मिनिटं तोच खेळत बसलेय, भात करपला. दोन दिवस थांब, मग देते.