मदत हवी आहे: दुभागणे आणि दुभंगणे, नेमका फरक काय?

नमस्कार मंडळी, मुलगी आठवीत आहे. भूमितीच्या वहीत तिने लिहिलं, "समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभंगतात", आणि बाईंनी त्या शब्दाभोवती लाल गोल करून वर 'दुभागतात' लिहून दिलं. आता ती विचारतेय की आई, दोन्हीचा अर्थ दोन भाग होणंच ना, मग माझं चुकलं कुठे. मला वाचताक्षणी खटकलं होतं पण का खटकलं ते काही सांगता येईना, आणि "कानाला बरं वाटत नाही" यावर तिचं समाधान होत नाही, तिचं बरोबरच आहे म्हणा.

मी विचार केला तो एवढाच: धरणी दुभंगली, वीज पडून झाड दुभंगलं, मनं दुभंगली, एखाद्या बाळाची टाळू दुभंगलेली असते, या सगळ्यात काहीतरी अखंड असायला हवं होतं ते राहिलं नाही, ऐकतानाच वाईट वाटतं. दुभागणे मात्र भूमितीबाहेर मी कधी बोलल्याचं आठवत नाही. रस्त्यावरचा दुभाजक आठवला, पण तो काही दरवेळी अगदी मधोमध नसतो, मग दोन्ही भाग सारखे असलेच पाहिजेत का? प्लीज कोणीतरी नीट सांगा, परवा तिची टेस्ट आहे.

प्रतिसाद:
ताई, तुम्ही अर्ध्यावर पोचलाच आहात. एकात भंग आहे, दुसऱ्यात भाग. मुलीला "कोणाला?" असं विचारून बघायला सांगा. कर्ण दुभागतो, कोणाला? दुसऱ्या कर्णाला. झाड दुभंगलं, कोणाला? उत्तरच नाही, कारण ते झाडाचं झाडालाच झालं. भूतकाळात तर अजून स्पष्ट दिसतं, "बिंदूने रेषाखंड दुभागला" इथे 'ने' लागतो, "झाडाने दुभंगलं" असं कोणी म्हणत नाही.

समान भागांची अट गणितातली आहे आणि तिथे ती पक्कीच. 8 सेमीचा रेषाखंड 4 आणि 4 झाला तर दुभागला, 2 आणि 6 झाला तर 1:3 गुणोत्तरात विभागला. रस्त्याच्या दुभाजकाचं काम येणारी-जाणारी वाहनं वेगळी ठेवायचं, तिथे पट्टी लावून मोजायचं कारण नाही. टेस्ट आहे म्हणून अजून एक, 'परस्परांना' या शब्दाकडे लक्ष द्यायला सांगा, मुलं जास्त तिथेच चुकतात. समांतरभुज चौकोनात दोन्ही कर्ण एकमेकांना दुभागतात, पतंगात मात्र एकच कर्ण दुसऱ्याला दुभागतो (चारही बाजू सारख्या असतील तर गोष्ट वेगळी), आणि समलंब चौकोनात ते नुसते छेदतात.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! "कोणाला?" ची युक्ती तिला एका मिनिटात कळली. नंतर कागदाचा कोपरा दोन्ही कडा जुळवून दुमडला आणि स्वतःच म्हणाली, घडीने कोन दुभागला, 45-45. आता तिचा पुढचा प्रश्न आलाय, तीन समान भाग केले तर पुस्तकी भाषेत त्रिभाजन म्हणतात ते ठीक, पण 'तिभागणे' असं बोलताना कोणी ऐकलंय का?