धिंगरी अळिंबी : बचत गटाने सुरुवात कशी करावी?

प्रश्न : आमचा कुडाळ तालुक्यातील 10 जणींचा बचत गट आहे. भातकापणीनंतर पेंढा भरपूर उरतो आणि एक मांगर (शेतातले छप्पर) रिकामा आहे, म्हणून पेंढ्यावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) वाढवण्याचा विचार आहे. एका कंपनीचा प्रतिनिधी 500 पिशव्या भरण्यासाठी लागणाऱ्या अळिंबीच्या बियाण्याची (स्पॉन) आगाऊ रक्कम मागत असून तयार माल हमीभावाने परत घेण्याचे आश्वासन देत आहे. हा करार करावा का, आणि धिंगरीपेक्षा बटण अळिंबी बरी पडेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : ताई, आगाऊ रक्कम मुळीच देऊ नका. अशाच एका करारात माझी पहिली खेप उचलली गेली, दुसरी मात्र प्रत चांगली नसल्याचे कारण देऊन नाकारली. ताजी धिंगरी साध्या हवेत जेमतेम एक-दोन दिवस टिकत असल्यामुळे सगळा माल माझ्याच अंगावर पडला. बटणाला वाढीच्या वेळी 14 ते 18 अंश तापमान आणि खास तयार केलेले कंपोस्ट लागते, त्यामुळे कोकणात वातानुकूलित खोलीशिवाय तिचा विचार करू नये. तुमच्याकडे धिंगरीच योग्य, आणि तीही आधी 20 पिशव्यांचीच.

पेंढा कोरडा, सोनेरी आणि पावसात न भिजलेला असावा. त्याचे बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवावेत, नंतर सुमारे 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावेत आणि मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकणार नाही इतके निथळावेत. या टप्प्यावरची घाई पुढे हिरव्या बुरशीच्या रूपाने दिसते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या 2 टक्के बियाणे पेंढ्यासोबत थराथराने पिशवीत भरावे. अंधारात पंधरा-वीस दिवसांत अळिंबीच्या तंतूंनी पिशवी पांढरी होते. त्यानंतर उजेड, 80 ते 90 टक्के आर्द्रता आणि खेळती हवा द्यावी. हवा कोंडली तर देठ लांबतात आणि छत्री लहान राहते.

दुसरा प्रतिसाद : वरील सल्ल्याशी सहमत आहे. छत्रीच्या कडा वर वळण्यापूर्वीच काढणी करावी आणि खोलीत जाताना तोंडाला मास्क बांधावा, कारण धिंगरीच्या बीजाणूंमुळे खोकला व दम्याचा त्रास होऊ शकतो. न विकलेला माल त्याच दिवशी वाळवावा. 10 किलो ताज्या मालापासून साधारण 1 किलो सुका मिळतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील अळिंबी प्रकल्पात प्रशिक्षणाची चौकशी गटातील दोघींनी तरी करावी.

प्रश्नकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. करार नाकारत आहोत. 20 पिशव्या भरण्याआधी कुडाळच्या आठवडी बाजारात आणि जवळच्या खानावळींत रोज किती माल खपेल, याची विचारणा आम्ही करणार आहोत.