प्रतिसाद: अ‍ॅपमागे माणूस हवाच
जळगाव जिल्ह्यात चोपडा-यावलकडे मानसोपचारतज्ज्ञ सहजी मिळत नाहीत, म्हणून नैराश्यावर मोबाइल अ‍ॅप पुरे, हे मत मला अर्धेच पटते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेली आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी या संदर्भात पाहण्याजोगी आहे. तीत वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णाला सुटलेली कामे आणि माणसांतला वावर पुन्हा धरायला लावला. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. अ‍ॅपच्या चाचण्यांत मात्र तुलना अनेकदा नुसत्या प्रतीक्षायादीतल्या लोकांशी असते, त्यामुळे परिणाम फुगून दिसतो. शिवाय पाठपुरावा करणारे कोणी नसले की अ‍ॅप निम्म्यातच सोडून देणारे पुष्कळ. वेचणीच्या दिवसांत दिवसभर कपाशीत असणाऱ्या बाईच्या घरी स्मार्टफोन एकच, आणि तोही बहुधा मुलाच्या खिशात, तिथे तर हे व्हायचेच. म्हणून अ‍ॅप रुग्णाऐवजी आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी वापरावे, असे मला वाटते. तोवर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा साध्या फोनवरूनही मिळते.