देवघरातल्या नाण्यावर घोडेस्वार, खंडोबा का दुसरं काही?

लातूरकर_नाना:
आमच्या आजीच्या देवघरात तांब्याचं एक नाणं आहे, जुन्या पंचवीस पैशाएवढं, आजोबांनी मोंढ्यात मोडीतून उचललेलं, आजी खंडोबाचा टाक म्हणून दर रविवारी त्याला भंडारा वाहते. काल भिंग लावून बघितलं तर घोडा, भाला दिसायलाय पण मागं मोत्याची पट्टी बांधलेला चेहरा आणि इंग्रजी अक्षरं, डी एन कॉन्स्टान्टिउस पी एफ... पुढचं झिजलंय. घोड्याच्या बाजूला फेल टेम्प, खाली एस एम के. कंपनी सरकारचं आहे का? चिंचेनं घासू का?

जुनी_नाणी:
घासू नका नाना, हात जोडतो! वरचा काळपट हिरवा थर गेला की अक्षरंही जातात. हे रोमन आहे, अक्षरं लॅटिन. डी एन म्हणजे आमचे स्वामी, पी एफ म्हणजे धर्मनिष्ठ आणि भाग्यवान. डोक्याला मोत्याची पट्टी म्हणजे सम्राट दुसरा कॉन्स्टान्टिउस, 337 ते 361, त्याच नावाचा युवराज गॅलस उघड्या डोक्याचा असतो. फेल टेम्प रेपारातिओ म्हणजे सुखाचे दिवस परत आले, ही नाणी 348 च्या सुमारास निघाली, तेव्हा रोमला 1100 वर्षं होत होती.
आता घोडा नीट बघा. टाकावर देव घोड्यावर आणि मणी-मल्ल खाली असतात ना, इथं उलटं आहे, घोडेस्वार हा शत्रू, तो घोड्यासकट कोसळायलाय आणि पायी आलेला रोमन शिपाई त्याला भाला मारायलाय.

तेरकर:
एस एम म्हणजे पवित्र टांकसाळ, के म्हणजे किझिकोस, आताच्या तुर्कस्तानात. के च्या पुढं ग्रीक अक्षर असेल, त्यावरून कारखान्याचा नंबर कळतो. आमच्या तेरचं, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या व्यापारी गावचं आहे म्हणून कुणी सांगितलं तर लगेच मानू नका, तेरचा रोमशी मुख्य व्यापार सातवाहनांच्या काळातला, हे त्याच्या बरंच नंतरचं.

लातूरकर_नाना:
खरंच की, स्वाराचा एक हात मागं शिपायाकडं वळलेला आहे, गयावया केल्यासारखा, इतके दिवस तो हात आम्हाला तलवार वाटायचा! के च्या पुढं त्रिकोण दिसायलाय.

तेरकर:
डेल्टा. चौथा कारखाना.