मदत हवी आहे: पिस्तूल घेतलं, आता नवख्या माणसाला सांभाळून घेणारी नेमबाजीची रेंज कशी शोधू?

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांपूर्वी मी स्वतःचं एअर पिस्तूल घेतलं. ४.५ मिमीचं, सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारं, १० मीटर प्रकारासाठीचं. कागदपत्रं सगळी रीतसर झाली आहेत, त्याबद्दल काही विचारायचं नाही. अडचण अशी की या दोन महिन्यांत ते रेंजवर एकदाच पेटीबाहेर आलं, आणि त्या दिवसानंतर पुन्हा जायला माझं पाऊल उचलत नाहीये.

माझं वय ४७. एका पाच दिवसांच्या शिबिरात पहिल्यांदा पिस्तूल हातात धरलं. तिथल्या कोच शांत स्वभावाच्या होत्या, प्रत्येक शॉटनंतर हात खाली घेऊन दोन श्वास थांबायला लावायच्या. पाचव्या दिवशी माझे सलग तीन शॉट काळ्या गोलात बसले. तो गोल ५९.५ मिमीचा असतो, आणि त्याच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. त्या बटणाकडे बघताना डोक्यातला सगळा गलका थांबतो, हे मला तिथे कळलं. असं शांत वाटून मला कितीतरी वर्षं झाली होती. शिबिर संपलं आणि मी ठरवलं की हे सोडायचं नाही.

मग पहिली रेंज. नाव लिहीत नाही, कारण मला तक्रार करायची नाहीये, मार्ग शोधायचा आहे. काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "कोणाबरोबर आलात?" एकटीच आलेय म्हटल्यावर पावती फाडली आणि बोटाने चौथी लेन दाखवली. पेटी कुठे उघडायची, कमांड कोण देतं, टार्गेट बदलायला पुढे कधी जायचं, कोणी काही सांगितलं नाही. मी मागच्या टेबलावर पेटी उघडली. पिस्तूल बाहेर काढलं तेव्हा नळीचं तोंड दाराकडे होतं. भरलेलं नव्हतं, तरी घरी गेल्यावर हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. तिथे सात-आठ मुरलेले नेमबाज होते. एकानेही मला अडवलं नाही.

पुढचं जास्त वाईट. मी पेलेट, म्हणजे शिशाचा छर्रा, भरून हात वर घेतला होता, बोट नुकतंच ट्रिगरवर ठेवलं होतं. शेजारच्या लेनमधले गृहस्थ न विचारता मागून आले, "असं नाही हो, असं धरा" म्हणत त्यांनी माझं मनगट पकडलं. या पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या किलोच्या दाबाने सुटणारा. तेवढ्या धक्क्याने शॉट सुटला आणि टार्गेटच्या चौकटीवर कुठेतरी आदळला. मागे दोघं-तिघं हसले. मी पिस्तूल रिकामं केलं, पेटीत ठेवलं आणि निघाले. बोटांच्या टोकांना पेलेटची काळपट छटा लागली होती, तीही धुवायचं सुचलं नाही.

मला कौतुक नको आहे. कोणी खुर्ची द्यावी, विचारपूस करावी अशीही अपेक्षा नाही. पहिल्या दिवशी कोणीतरी पाच मिनिटं देऊन तिथले नियम सांगावेत, आणि चुकले तर स्पष्ट शब्दांत थांबवावं, एवढंच हवंय.

तर प्रश्न असे. रेंज चांगली की वाईट हे वार्षिक वर्गणी भरायच्या आधी कसं ओळखायचं? फोनवर नेमकं काय विचारू? पिस्तूल न नेता नुसतं बघायला गेलं तर चालतं का, की ते विचित्र दिसतं? आणि तसा प्रसंग पुन्हा आला तर त्या क्षणी मी काय करायला हवं होतं?

एक जोडप्रश्न. मी उजव्या हाताने नेम धरते, पण शिबिरात तपासलं तेव्हा माझा डावा डोळा प्रबळ निघाला, म्हणजे नेम धरताना मेंदू आधी त्याचंच चित्र मानतो. डावा मिटला की थोड्या वेळाने चेहरा आखडतो. कोणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद

ताई, बरीच वर्षं रेंज ऑफिसरचं, म्हणजे लाइनवर कमांड देऊन सुरक्षा सांभाळायचं, काम केलंय, म्हणून तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. भरलेल्या पिस्तुलावर मागून हात घालणं ही अतिशय गंभीर चूक होती आणि ती त्या गृहस्थांची होती. अशा वेळी मोठ्याने "स्टॉप!" म्हणायचं. धोका दिसला तर लाइनवरच्या कोणालाही ते म्हणता आलं पाहिजे, काल आलेल्या माणसालासुद्धा. नळी टार्गेटकडेच ठेवायची, बोट ट्रिगरवरून काढायचं, पिस्तूल टेबलावर ठेवायचं, मग बोलायचं. शॉट चौकटीवर गेला याचा अर्थ तुम्ही नळी पुढेच ठेवली होती. हे तुम्ही बरोबर केलंत.

आता रेंज ओळखण्याबद्दल. नक्की पिस्तूल न घेता जा. त्यात विचित्र काही नाही. फायरिंग लाइनच्या मागे अर्धा तास उभ्या राहा आणि शॉट मारणाऱ्यांपेक्षा लाइन थांबते तेव्हा काय होतं ते बघा. "स्टॉप", "अनलोड" झाल्यावर सगळ्यांचे हात पिस्तुलांवरून निघतात का? प्रत्येक नळीत भगवा किंवा पिवळा सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवणारी तार, लागतो का? रेंज ऑफिसर स्वतः लाइनवरून फिरून खात्री करतो आणि मगच लोक टार्गेटकडे जातात का? की एकजण अजून पिस्तूल चाळवतोय आणि दुसरा पुढे निघालाय? दुसरं चित्र दिसलं तर चहापाणी कितीही विचारोत, तिथे जाऊ नका.

आणखी एक खूण सांगतो. जुन्या, मानाच्या मेंबरला रेंज ऑफिसर टोकतो का ते बघा. जिथे जुन्यांना सगळं माफ असतं, तिथे नवख्याला कोणी शिकवत नाही, कारण नियम नावाची गोष्टच तिथे उरलेली नसते. माणसं बघून ठरत जातं सगळं.

फोनवर एकच प्रश्न विचारा: "पहिल्यांदा येणाऱ्याला नियम कोण समजावून सांगतं?" चांगल्या ठिकाणी लगेच उत्तर येतं, अमुक माणूस, अमुक वेळ. "या तुम्ही, बघू" असं आलं तर समजून घ्या.

बंदिस्त रेंज असेल तर हवेकडे लक्ष द्या. हवा नेमबाजाच्या पाठीकडून टार्गेटकडे वाहायला हवी. बारुदी काडतुसांची लेन असेल तर धूर तोंडावर येतोय की पुढे जातोय ते लगेच दिसतं. शिशाचा प्रश्न आहे, हलक्यात घेऊ नका. जमीन कोरड्या झाडूने झाडत असतील तर शिशाची धूळ हवेत उडते. ओल्या पोछ्याने पुसायला हवी, नाहीतर बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम हवा. हात धुवायला साबण आणि नळ जवळ हवा. लाइनवर खाणंपिणं चालू असेल तर तेही चांगलं लक्षण नाही.

आणि शेजारी .२२ (०.२२ इंची काडतुसाची) किंवा त्याहून मोठी हत्यारं चालत असतील तर कानाला संरक्षण हवंच. .२२चा आवाजसुद्धा १४० डेसिबलच्या आसपास जातो. बंद जागेत मी आत प्लग आणि वर मफ असं दोन्ही लावतो. गळाबंद कपडे घाला. बाहेर फेकलेलं गरम पुंगळं कॉलरमध्ये पडलं की माणूस हातात पिस्तूल आहे हे विसरून झटका देतो, आणि नळी भलतीकडे वळते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

प्रतिसाद

प्रबळ डोळ्याबद्दल: माझंही असंच आहे. डोळा मिटू नका, चेहऱ्याच्या स्नायूंवर ताण येतो आणि दुसऱ्या डोळ्यालाही थकवा येतो. चष्म्याच्या डाव्या बाजूला अर्धपारदर्शक पट्टी लावा, उजेड येऊ द्या पण चित्र नको. स्पर्धेत अशी पट्टी ३० मिमीपर्यंत रुंद चालते. काळी पट्टी लावू नका, उजव्या डोळ्याची बाहुलीही विस्फारते.

दुसरा मार्ग हात बदलण्याचा. आपला प्रकार एका हाताचा आहे, आणि तुम्ही नुकतीच सुरुवात करताय, त्यामुळे सवयी अजून पक्क्या झालेल्या नाहीत. हंगेरीच्या कारोय टाकाच यांचा उजवा हात १९३८मध्ये हातबॉम्ब फुटून निकामी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ आणि १९५२ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. तुम्हाला ऑलिंपिक नको असेल, पण हात बदलता येतो एवढं नक्की. मात्र मूठ हाताच्या आकाराप्रमाणे घडवलेली असते, डाव्या हाताची ग्रिप वेगळी घ्यावी लागेल. आधी महिनाभर पट्टी लावून बघा.

प्रतिसाद

मीही चाळिशीनंतर सुरू केलं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, गर्दी नसते आणि रेंज ऑफिसरला बोलायला सवड असते. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० शॉट असतात म्हणून तेवढे मारायला जाऊ नका, पहिल्या दिवशी वीस पुरे. मधल्या दिवसांत घरी ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न भरता नेम धरून ट्रिगर दाबायचा सराव, करा: पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासून, भक्कम भिंतीकडे तोंड करून.

जॅकेट, बूट, ब्लाइंडर (डोळा झाकायची पट्टी), खास चष्मा घ्या असं कोणीतरी सांगेलच. घाई करू नका. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कीच्या युसुफ डिकेच यांनी नेहमीचा चष्मा आणि कानात साधे प्लग एवढ्यावर मिश्र दुहेरीत रौप्य मिळवलं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लागले, पण सांगण्यासारखं काहीतरी आहे आता.

तीन ठिकाणी फोन केला, तोच एक प्रश्न विचारला. एका ठिकाणी "या, बघू" मिळालं. दुसऱ्या ठिकाणी फोन तिघांकडे फिरला. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी विचारलं, "तुमचं स्वतःचं पिस्तूल आहे का? मग येताना पेटी बंद ठेवा, दारातच मला भेटा, मी सांगेपर्यंत उघडू नका." बोलणं इतकं करडं होतं की आधी जरा दचकायलाच झालं.

पहिल्यांदा पिस्तूल न नेता गेले आणि मागे उभी राहिले. लाइन थांबली. एक बरेच वयस्कर नेमबाज होते, माझ्या वडिलांच्या वयाचे, भिंतीवरच्या जुन्या गटाच्या फोटोत असलेले. त्यांनी पिस्तूल ठेवलं आणि टार्गेटकडे निघाले. त्या बाई लगेच म्हणाल्या, "काका, फ्लॅग." ते वळले, भगवी तार नळीत घातली, "हो, राहिलाच" म्हणाले आणि मग पुढे गेले. कोणी हसलं नाही, त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं नाही. मी त्याच दिवशी पुढची वेळ ठरवून आले.

दुसऱ्या खेपेला पिस्तूल नेलं. बाईंनी फायरिंग पॉइंटवर नेलं, नळीचं तोंड टार्गेटकडे येईल अशी पेटी फिरवून ठेवायला लावली आणि मगच उघडायला सांगितली. सिलिंडरवरची तारीख बघितली, कारण बनल्यापासून दहा वर्षांनी तो वापरायचा नसतो. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मग कमांड सांगितल्या, आणि माझ्याकडून म्हणून घेतल्या. हाताला हात लावायच्या आधी त्यांनी दर वेळी विचारलं, "मनगट धरू का?" आणि मी हो म्हटल्यावर, पिस्तूल रिकामं असतानाच धरलं.

पहिल्या पाच शॉटमध्ये हात इतका कापत होता की नळीच्या टोकावरची नेम धरायची साइट स्थिर दिसेना. एक शॉट काळ्याच्या बाहेर पाचवर, दोन सातवर. सहाव्यानंतर मी स्वतःहून हात खाली घेतला, शिबिरातल्यासारखे दोन श्वास थांबले. एकोणिसावा शॉट दहावर गेला. कागदातलं ते भोक अगदी रेषेला टेकून होतं, बाईंनी मोजपट्टी लावून बघितलं आणि "दहा" म्हणाल्या. निघताना गार पाण्याने साबण लावून हात धुतले. तो टार्गेटचा कागद कपाटाच्या दाराला आतून लावलाय.

पहिल्या ठिकाणच्या प्रसंगाबद्दल तिथल्या व्यवस्थापनाला शांत भाषेत पत्र लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. माझ्यानंतर तिथे एकटी जाणारी कोणीतरी असेलच, म्हणून लिहिणं मला गरजेचं वाटलं.

अर्धपारदर्शक पट्टीने खूप फरक पडला, तूर्त उजवाच हात ठेवतेय. आता एकच शंका उरली आहे: माझा हात लहान आहे आणि ग्रिपची खालची तळव्याची फळी घट्ट वर सरकवली तरी करंगळीखाली बोटभर फट राहते. ती लाकडी पुट्टीने भरायची असते, की लहान मापाची ग्रिपच बदलून घ्यावी? कोणी स्वतः भरली असेल तर पुट्टी कोणती वापरली आणि वाळायला किती वेळ ठेवली तेही सांगा.